अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस

आपल्या भिलाईत, खुर्सीपारसारख्या वस्तीत, गणपतीच्या मंडपात ‘आज ऑर्केस्ट्रा आहे’ असं कुणी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलक आणि दोन गायक. मराठी, तेलुगू, ओडिया, छत्तीसगढी, सगळ्या घरांतली माणसं तीच जुनी हिंदी गाणी ऐकायला बसतात. कीबोर्डवाला दोन कडव्यांमधला तुकडा एका हाताने वाजवतो. मूळ रेकॉर्डिंगला तोच तुकडा वाजवायला कितीतरी व्हायोलिनवाले ओळीने बसलेले असत. ती माणसं कोण होती, ते आज बघू.

त्यातले पुष्कळ जण गोव्याचे होते. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. मुंबईच्या सिनेमाला नेमकी हीच विद्या हवी होती. चाल तोंडाने शिकवता येते. पण पन्नास वादकांनी एकाच वेळी वेगवेगळे सूर वाजवायचे, तर प्रत्येकासमोर कागद हवा. तो कागद लिहिणारा म्हणजे अरेंजर. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा करत आणि ताल दत्ताराम वाडकर सांभाळत. ध्वनिमुद्रिकेवर मात्र नाव संगीतकाराचं आणि गायकाचं.

याच मंडळींत अँथनी गोन्साल्विस होते. जन्म 1927, गाव दक्षिण गोव्यातलं माजोर्डा. कोवळ्या वयात ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते अरेंजर झाले आणि शिकवूही लागले. प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन हे दोघेही त्यांचे शिष्य.

पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. आपला राग एका सुरामागून एक सूर असा उलगडत जातो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात अनेक सूर एकाच वेळी उभे राहतात. वरचेवर सूर रचत गेलं, तर रागात वर्ज्य असलेला सूर सहज घुसतो आणि रागाचं रूप बिघडतं. राग न मोडता तो शंभर हातांत कसा द्यायचा? याचं उत्तर शोधायला त्यांनी सारंगसारख्या रागांवर वाद्यवृंदासाठी रचना केल्या. 1958 साली ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. गोव्याचे ख्रिस्ती वादक आणि हिंदुस्थानी संगीताची माणसं एका मंचावर, आणि मधे सिनेमा नाही!

हा प्रयोग मात्र टिकला नाही. सिनेमातल्या वादकाला रेकॉर्डिंगचे पैसे मिळत. असल्या वाद्यवृंदाच्या तालमीचा खर्च कोण देणार? 1965 च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परत आले ते माजोर्ड्याला, आणि सिनेमापासून दूरच राहिले.

मग 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ आला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. पडद्यावर मोठ्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडी प्यारेलालांच्या गुरूचं नाव आलं. शिष्याचा हा नमस्कारच. सगळा देश ते नाव गाऊ लागला. पण या नावाचा खरा माणूस आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. 2012 च्या जानेवारीत ते गेले.

पुढे सिंथेसायझर आला आणि व्हायोलिनच्या रांगा स्टुडिओतून उठल्या. म्हणून यंदा मंडपात जुनं गाणं लागलं की गायक थांबतो तिथे कान द्या. कीबोर्डवर वाजणारा तो तुकडाही एके काळी कुणीतरी बसून, वादकागणिक, कागदावर लिहिलेला होता.