सिंदफणेची मरळ

आबांना मासे धरायची घाई कधीच नसे. सुगी आटोपली, रानं मोकळी झाली की दिवस उगवायच्या आत ते सिंदफणेच्या डोहावर जाऊन बसत, ते दुपार कलेपर्यंत. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते, त्याच्या वरच्या अंगाला हा डोह होता. काठी बांबूची, गळ माजलगावच्या बाजारातला, आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धांड्यातल्या गराचा तुकडा. मी चुळबुळलो की म्हणत, "गुमान बस बापू. ती आपल्या सवडीनं येती."

ती म्हणजे मरळ. गढूळ, साचलेलं पाणी तिला चालतं, कारण मधूनमधून वर तोंड काढून ती हवा घेते. आमच्या आटत्या नद्यांत ती टिकली ती यामुळेच. पाण्यावर 'बुडूक' असा आवाज झाला की आबा छोटी बेडकी लावलेला गळ तिथं अलगद सोडायचे आणि पुन्हा तंबाखू मळत बसायचे. कित्येकदा दुपार होई, तरी काही लागत नसे. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

पावसाळ्याच्या तोंडी मात्र काठी आढ्याला जायची. तेव्हा मरळीची तांबूस पिल्लं थव्यानं फिरतात आणि मोठे मासे त्यांच्या खाली राखणीला असतात. "लेकुरवाळीला गळ घालू नाही," हे आबांना भोयांनी शिकवलं होतं. नदीचे खरे जाणकार तेच. त्यांच्याकडचे मासे ज्वारीच्या बदल्यात घरोघर जात, आणि कुणी पैसा दिलाच तर तो हाली शिक्क्याचा, निजामाचा.

निजामाचं नाव निघालं की डोहावरचा दिवस आणखी लांबायचा. रझाकारांच्या धास्तीनं घरातली बरीच माणसं हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात गेली होती. मागं कोण राहिलं, आबांचा धाकटा चुलता की आत्याचे यजमान, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. जो राहिला तो रात्री नदीकाठच्या काटवनात निजे आणि भोयांच्या घरून त्याला भाकरी येई, एवढं मात्र सगळेच सांगतात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. भाद्रपद होता, नदीला पाणी होतं, म्हणून ती बातमी पलीकडच्या काठावरून ओरडून सांगितली गेली, असं आबा म्हणत. हे त्यांनी स्वतः ऐकलं की त्यांनाही कुणी सांगितलं, ते मी विचारलंच नाही.

राज्य गेलं तरी हैदराबादची वाट मोडली नाही. आजीच्या भावाला दमा होता. मृगाच्या दिवसांत तिथं बथिनी गौड घराणं दम्यासाठी मरळीचं जिवंत पिल्लू, तोंडात औषध घालून, गिळायला देतं. मामाआजोबा ते घेऊन आले. आजी पक्की माळकरीण! मासे न खाणाऱ्यांना तेच औषध गुळातून मिळतं हे कळल्यावर ती भावाशी कितीतरी दिवस बोलली नाही.

तीच आजी आबांची मरळ मात्र निगुतीनं करायची. परसात तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं पातेलं. बुळबुळीत मासा राखेनं चोळून चोळून धुवायचा, मग भाजलेलं खोबरं, चिंचेचा कोळ आणि घरचं येसर. चव बघायला मला हाक. खारट झालं का, एवढंच विचारायची आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

१९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या सालीही डोहात हातभर पाणी राहिलं होतं, असं आई सांगते.

१९८७ साली माजलगावचं धरण झालं. पैठणचा उजवा कालवाही त्यात येऊन मिळतो. तालुक्यात ऊस आला, विहिरींना पाणी आलं. धरणाबद्दल माझी तक्रार नाही. वाळूचं मात्र मला सोसवत नाही. उन्हाळ्यात नदी वाळूच्या पोटात पाणी धरून ठेवायची. ती वाळू ट्रॅक्टर भरभरून गेली, आणि डोहाच्या जागी आता उघडा खडक आणि वेड्या बाभळी आहेत. आबांनी हे पाहिलं नाही, याचं मला बरं वाटतं.

बाजारात हल्ली धरणाचे कटला, रोहू मिळतात. एखाद्या दिवशी घमेल्यात जिवंत मरळ दिसली तर मी भाव न करता घेतो. घरात आता चूल नाही, म्हणून तिला चोळायला लागणारी राख शेजारच्या काकूंच्या बंबातून मागून आणतो.