हायड्रॉलिक

हायड्रॉलिक : (विशेषण, वाशीम परिसरात नाम म्हणूनही रूढ). वाहत्या किंवा दाबाखालच्या द्रवाशी संबंधित. मूळ ग्रीक ‘हुडोर’ म्हणजे पाणी आणि ‘औलोस’ म्हणजे नळी किंवा पावा. या जोडशब्दाने आधी एका वाद्याला नाव दिले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओसने बनवलेल्या बाजात पाण्याच्या भाराने हवेचा दाब स्थिर राही आणि नळ्या एकसारख्या वाजत. शब्द असा गाण्याच्या घरातला. बंधाऱ्यावर तो फार उशिरा आला.

लॅटिनमार्गे युरोपात पसरल्यावर नळ, कालवे व धरणे यांतील पाण्याच्या शास्त्राला तो लागला. मुंबई महापालिकेच्या जल अभियंत्याचे इंग्रजी पदनाम ‘हायड्रॉलिक इंजिनिअर’ आहे, ते याच अर्थाने. वाशीम शहराला पाणी देणाऱ्या एकबुर्जी धरणाच्या किंवा कारंजाकडच्या अडाण प्रकल्पाच्या सांडव्याचे गणितही याच शास्त्रातले.

गावात मात्र या शब्दाचा पाण्याशी संबंध उरलेला नाही. ‘हायड्रॉलिक उचलत नाही’ म्हटले की ट्रॅक्टरवाला पाहतो ते तेल. यामागचे तत्त्व असे: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. त्यावर जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्या 2 चौ. सेंमी. आणि मोठा 100 चौ. सेंमी. असेल, तर जोर 50 पट मिळतो. पण लहान दट्ट्या 50 सेंमी. सरकावा तेव्हा मोठा 1 सेंमी. हलतो. फुकट काहीच नाही. पाण्याने लोखंड गंजते, म्हणून यंत्रांत तेल आले. नाव तेवढे पाण्याचे राहिले.

पलटी नांगर, जेसीबीचा हात, सोयाबीनची पोती वाहणारी ट्रॉली, सगळे तेलाच्या या दाबावरच उचलले जाते. अशा वाहत्या पदार्थांसाठी मराठी विश्वकोशात द्रव आणि वायू मिळून ‘द्रायू’ हा नेटका शब्द आहे. ग्रंथात तो शोभतो, गॅरेजात कोणी उच्चारत नाही.

ट्रॉली उचलणाऱ्या जॅकचे सील गेले की तेल झिरपते आणि भरली ट्रॉली हळूहळू खाली बसते. पाइप फुटला तर एकदम आदळते. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कोणीही शिरू नये.