किल्ली कोणाच्या कनवटीला? खान्देशी गाण्यांचा तबकडीपासून यूट्यूबपर्यंतचा प्रवास

१/ आमच्या अमळनेरच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्यावर आत्याच्या अक्षरात ‘कानबाई – आजी’ एवढेच लिहिले आहे. श्रावणात कानबाई बसली असता आत्याने कोऱ्या कॅसेटवर आजीची गाणी भरून घेतली होती. मागे भांड्यांचा आवाज आहे, मध्येच एक लहान मूल रडते आहे. ही कॅसेट आजही वाजते. आजचा धागा तिच्या निमित्ताने.

२/ प्रश्न जुना आहे. नवे माध्यम आले की सामान्य श्रोत्याच्या हाती सत्ता येते, की कंपन्यांची पकड अधिक घट्ट होते? उत्तर शोधताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, गाणे घडवण्याची आणि मुद्रित करण्याची सत्ता. दुसरी, ते लोकांपर्यंत पोहोचवण्याची सत्ता. या दोन सत्ता नेहमी एकाच हाती नसतात. जळगाव-धुळ्याच्या गाण्यांचा इतिहास हेच सांगतो.

३/ आधी यंत्रापूर्वीचा काळ. कानबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, गुलाबाईची गाणी, डफावरचे वहीगायन. यांचे एकच वाहन होते, माणसाची स्मृती. लेकी सासरी जात आणि गाणी त्यांच्याबरोबर गाव बदलत. कोणी मालक नव्हता, परवानगी लागत नव्हती. मात्र गाणारी गेली की तिच्याबरोबर तिची गाणीही जात.

४/ बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) बाबतीत हे थोडक्यात टळले. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शेतात, घरात काम करताना ओव्या रचत. पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी त्यांतल्या काही उतरवून ठेवल्या. त्यांच्या निधनानंतर ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांनी पाहिले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. काव्य आसोद्यात घडले. ते महाराष्ट्रापर्यंत नेणारे दार मात्र मुंबईत होते आणि ते उघडायला अत्र्यांसारखा माणूस लागला.

५/ ध्वनिमुद्रणाचे दार त्याहून अरुंद होते. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत तयार होऊन येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, म्हणून तासभर रंगणाऱ्या गायनालाही तीन मिनिटांत बसावे लागले. गाण्याची लांबी गवयाने नव्हे, यंत्राने ठरवली.

६/ पुढची अनेक दशके ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या छापाच्या कंपनीचे भारतीय बाजारावर जवळजवळ एकछत्री वर्चस्व होते. तबकडीचा साचा, कारखाना, वितरक हा सारा खर्च भरून निघायचा, तर हजारो प्रती खपायला हव्यात. त्या गणितात हिंदी चित्रपटगीत सहज बसे. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या ओसरीवरचे गाणे बसत नसे. त्यावर कोणी बंदी घातली नव्हती. ते फक्त हिशेबात धरले गेले नाही.

७/ मग कॅसेट आली. फिलिप्सने १९६३ मध्ये बाजारात आणलेली ही वस्तू भारतात खऱ्या अर्थाने पसरली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. तबकडी घरी फक्त ऐकता येत असे. कॅसेट घरी भरता येत असे, पुसता येत असे, तिची नक्कल करता येत असे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय बाजारातून तबकडी जवळपास हद्दपार झाली. संगीतअभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला.

८/ कॅसेटचे वेगळेपण असे की तिने दोन्ही सत्ता एकदमच खाली आणल्या. प्रादेशिक बोलीतले गाणे थोड्या भांडवलात मुद्रित होऊ लागले आणि आठवडे बाजारात, एसटी स्टँडवरच्या टपरीवर विकले जाऊ लागले. ते कोणी किती वेळा ऐकले, कोणाला उसने दिले, हे कंपनीला कळण्याचा मार्ग नव्हता. माझ्या आत्यासारख्या श्रोत्या तर परस्पर ध्वनिमुद्रक झाल्या.

९/ याची दुसरी बाजू लपवू नये. जी नक्कल श्रोत्याला स्वस्त पडली, तिने गायकाचा घास काढला. चोरट्या कॅसेटमधला एक पैसाही गाणाऱ्याच्या हाती पडत नसे. श्रोत्याचे स्वातंत्र्य आणि कलावंताचे हित या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माध्यमांच्या इतिहासात त्या कित्येकदा एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या आहेत.

१०/ आता व्हिडिओ. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले, तरी १८६९ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत ते खान्देशात होते. या यंत्रमागांच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासीर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट अत्यल्प खर्चात काढला. कलाकार गावातलेच, प्रेक्षकही गावातलेच. पुढे फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ही कहाणी जगभर गेली. पडद्यासमोर बसणारा माणूस पडद्यामागे गेला, तो व्हिडिओ स्वस्त झाल्यामुळे.

११/ पण याच काळात आणखी काही घडत होते. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी सुरू केलेल्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेटच्या बळावर जुन्या मक्तेदारीला धक्का दिला. कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या आवाजांत काढली, किमती उतरवल्या, किराणा दुकानांतून कॅसेट विकल्या. तेव्हा ही कंपनी बंडखोर वाटे. २०१९ मध्ये तीच यूट्यूबवरील सर्वाधिक वर्गणीदार असलेली वाहिनी ठरली. एक दार मोडणारा पुढच्या दारावर मालक म्हणून उभा राहिला.

१२/ यूट्यूब २००५ चे. २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतले. खान्देशातल्या खेड्यांत ते खरे शिरले २०१६ नंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर. २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा ‘खान्देशी’ या नावाखाली नोंदली गेली. अहिराणी त्यातच मोजली जाते. तिला आठव्या अनुसूचीत स्थान नाही. अशा बोलीतले ‘हाई झुमका वाली पोर’ हे गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि अहिराणी न समजणारेही त्यावर नाचले. तबकडीच्या काळात हे अशक्य होते.

१३/ शिवाय येथे पैसा मिळतो. लांब चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा निर्मात्याला देण्याचा यूट्यूबचा नियम आहे. चोरट्या कॅसेटच्या काळाशी तुलना केली तर ही गोष्ट लहान नाही. लग्नात बेंजो वाजवणाऱ्या, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या पोरांसाठी तर नाहीच नाही.

१४/ मग अडचण कोठे? २०१८ च्या आरंभी यूट्यूबने नियम बदलला. उत्पन्नासाठी १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे आवश्यक झाले. अनेक लहान वाहिन्या एका घोषणेने उत्पन्नाबाहेर गेल्या. कोणते गाणे कोणापुढे आणायचे, हे ठरवणारे गणित कंपनीचे. ते निर्मात्याला दिसत नाही. कॅसेटवाल्याला श्रोता दिसत नसे. येथे कंपनीला श्रोत्याची प्रत्येक हालचाल दिसते आणि जाहिरातदाराला तीच विकली जाते. श्रोत्याच्या हाती मात्र काहीच उरत नाही, माळ्यावर ठेवण्यासारखी वस्तूही नाही.

१५/ २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. तोवर धुळे-जळगावच्या खेड्यांतले कलाकार त्यावर लाखोंपर्यंत पोहोचले होते. बंदीमागचे कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते आणि तो निर्णय कंपनीचा नव्हता. तरीही एक गोष्ट त्या रात्री उघडी पडली. वर्षानुवर्षे जमवलेला प्रेक्षक त्या कलाकारांचा नव्हताच. त्याची यादी, त्याचा पत्ता, सारे दुसऱ्याच्या वहीत होते.

१६/ म्हणून माझे उत्तर असे. नव्या माध्यमाने घडवण्याची सत्ता खाली आणली, यात शंका नाही. पोहोचवण्याची आणि जपण्याची सत्ता मात्र वर गेली, आणि तबकडीच्या काळापेक्षाही थोड्या हातांत गेली. ‘मी काय बनवू शकतो?’ या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत सुधारत आले. ‘किल्ली कोणाच्या कनवटीला?’ हा प्रश्न विचारायचे आपण विसरलो.

१७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातली शेवटची बाजू सर्वाधिक बोचते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळत फिरले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आजही आहे. दप्तराचा मालक कितीही हटवादी असो, रुमालात बांधलेला कागद दोनशे वर्षे कोनाड्यात पडून राहू शकत होता. खाते बंद झाले की चित्रफीत कोणत्या कोनाड्यात सापडणार? उद्याचा संशोधक २०२० च्या अहिराणी गाण्यांसाठी कोणाच्या ओसरीवर जाईल?

१८/ उपाय मोठे नाहीत. यूट्यूबवर गाणे जरूर टाका, पण मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा आणि एक प्रत गावच्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाला द्या. सोबत गाणारीचे नाव, गाव, तारीख आणि प्रसंग लिहा. तिची संमती घ्या. येत्या श्रावणात कानबाई बसेल तेव्हा आजीसमोर मोबाइल ठेवाल, तर एवढे कराच.

१९/ आत्याच्या कॅसेटवर तारीख नाही. आजी आता नाही आणि ते वर्ष कोणते, यावर घरात एकमत होत नाही. गाणे मात्र आहे, कारण ती पेटी आमची आहे. तुमच्या घरी, माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर ती उघडून पाहा आणि त्यात काय सापडले ते खाली लिहा.

(धागा समाप्त)