जाते, सुई आणि छापखान्याचे खिळे

डिसेंबर उजाडला की आपल्या घराघरांतून नाताळच्या गोठ्याची लगबग सुरू होते. मुले गवत आणतात, मातीची मेंढरे करतात, पुठ्ठ्याचे छप्पर उभारतात. चार वर्षांच्या बालकाकडून पवित्र मरियेचे चरित्र कोणी पाठ करून घेत नाही. तरीही गव्हाणीत गवत अंथरताना त्याला उमगते की, त्या रात्री या मातेला घर मिळाले नव्हते. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे खरीखुरी गव्हाण, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्म लोकांच्या डोळ्यांपुढे उभा केला, तेव्हापासून ही शिकवण अशी हातांतून हातांत आलेली आहे.

इतिहासातील इतर थोर स्त्रियांच्या बाबतीत मात्र आपण हा मार्ग विसरतो. त्यांची तसबीर भिंतीवर लागते, जन्मसाल फळ्यावर लिहिले जाते. ज्या बालकाला काल आणि परवा यांतील भेद नीट कळत नाही, त्याला सनावळीतून काय हाती लागणार? परंतु माती, चिंधी आणि दोरा त्याला पक्के कळतात.

हिंगोली जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव, असे परंपरा मानते. त्यांचा जन्म १२७० सालचा. पुढे हे शिंपी घराणे पंढरपुरी नांदले. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच या घरी दासी म्हणून आली. तिच्या नावावरील तीनशेहून अधिक अभंग आज उपलब्ध आहेत. आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, सून लाडाई, कन्या लिंबाई यांच्या नावांवरही अभंगरचना आहे. सातशे वर्षांपूर्वी एकाच छपराखाली इतक्या स्त्रिया रचना करीत होत्या, ही गोष्ट लहानग्यांना कशी सांगावी?

मातीचे जाते करावे. पोळ्याचे बैल घडविणाऱ्या मराठवाड्यातील मुलांना हे सांगावे लागत नाही. काळी माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात थोडी राख व भुसा मिसळावा. दोन चकत्या, मध्ये काडीची खुंटी, वर फिरविण्यासाठी खुंटा. जाते वाळले की प्रत्येक मुलाने, मुलग्यानेसुद्धा, ते फिरवीत स्वतःच्या मनातील एक ओळ म्हणावी. मग सांगावे: जनाबाईचे हात दळण्यात गुंतलेले होते, तरी तिची वाणी मोकळी होती. पुढे चिंध्यांची लहानशी गोधडी करावी. प्रत्येक तुकड्यावर त्या घरातील एकेका स्त्रीचे नाव. एक तुकडा गळला तर गोधडीला भोक पडते, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. इतिहासाचेही तसेच असते, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

हातांनी शिकविण्याचा हा विचार मराठी मुलुखात आणणाऱ्याही बव्हंशी स्त्रियाच होत्या. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या असताना त्यांनी फिलाडेल्फियात फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाला, सुरू केले. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ स्वतः बालविधवा होत्या. महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत, हे ओळखून या दोघींनी बिया, शिंपले, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंनाच बालवाडीची साधने केले.

रमाबाईंची कथा सांगायची तर बटाट्याचा ठसा पुरे. बटाटा मोठ्यांनी कापून द्यावा आणि मुलांनी त्यावर ‘म’ कोरावा. पहिला ठसा हमखास उलटा उमटतो, मुले हसतात. सुलटे उमटण्यासाठी उलटे कोरावे लागते, हे त्यांच्या ध्यानी येते. त्याच क्षणी सांगावे की, केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा असे उलटे खिळे जुळवीत असत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते या स्त्रियांनी छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना अक्षर ओळखण्याचीही संधी कोणी दिली नव्हती, त्यांच्या हातून धर्मग्रंथ उभा राहिला.

येथे एक सावधगिरी हवी. जाते करून आपण थांबलो, तर दळणे हेच स्त्रीचे कर्तृत्व, असा विपरीत धडा मुले घेतील. दळण हा जनाबाईच्या वाट्याला आलेला भार होता. अभंग ही तिची स्वतःची मिळकत होती. वस्तू हे कथेचे दार आहे, कथा नव्हे. रंगीत कागदाचा मुकुट कापून राणीची गोष्ट संपविणे सोपे. तिने कोणता निर्णय घेतला, कशाला नकार दिला, हे सांगण्यासाठी वडीलधाऱ्यांनी मुलांजवळ बसावे लागते.

येत्या नाताळात गोठा आवरला की उरलेली माती टाकू नये. तिच्यातून एक लहानसे जाते घडू द्यावे. मूल विचारील, ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार असले पाहिजे.