पंचवटींतील पंगत आणि उपाहारगृह

मुंबईचा गृहस्थ दोन दिवसांच्या सवडीनें नाशिकास येतो आणि मिसळ, चिवडा यांची चव घेत पंचवटींत हिंडतो. त्याच्या पणजोबांची यात्रा अशी नव्हती. यात्रेकरू रामकुंडाशीं पोंचला कीं तीर्थोपाध्यायाच्या घरीं उतरे. उपाध्याय वहींतून त्याच्या पूर्वजांचीं नांवें काढी. मग उपवास, क्षौर, श्राद्ध आणि शेवटीं पंक्तीचें जेवण, असा क्रम असे. भोजन हें विधीचेंच अंग असल्यामुळें कोणीं कोणाच्या पंक्तीस बसावें, हें जातीवरून ठरे. शिजविलेल्या भातास सोवळ्याचा निर्बंध कडक. चुरमुरे, फुटाणे अशा कोरड्या जिनसांस तो सैल. ज्यांस पंक्तींत स्थान नव्हतें, त्यांस पदरच्या शिदोरीचाच आधार.

१८६५ सालीं थळ घाटांतील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई नाशिकच्या जवळ आली. मुक्काम आंखडले, विकतच्या अन्नाची गरज वाढली. उपाहारगृहांत गोत्र कोणी विचारीत नसे. परंतु अस्पृश्यांसाठीं पेला निराळा ठेवण्याची रीत महाराष्ट्रांत तेथेंहि शिरलीच. देवाचें दारहि त्यांस बंद होतें. त्याविरुद्ध २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला.

२६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें दुकानें, उपाहारगृहें, विहिरी व स्नानाचे घाट यांवर असा भेद करण्यास मनाई केली. अनोळखी माणसाच्या शेजारीं बसून मिसळ खाणें आज साधें वाटतें, त्यामागें एवढा इतिहास आहे.