अडसर आणि माग

जुन्या वाड्याचा दरवाजा पाहिला की रक्षणाचा हिशेब ध्यानात येतो. वाकूनच शिरावे लागेल अशी दिंडी, भिंतीच्या पोकळीतून सरकणारा लाकडी अडसर. कुलपावर फारशी भिस्त नव्हती. मातीच्या भिंतीला भोक पाडून चोर आत येई. घरफोडी हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता.

म्हणून मला वाटते, घराचे खरे कुलूप म्हणजे राखणदार. देशावर रामोशी, आमच्या बेळगावकडे तळवार. राखणीबद्दल त्याला गावाकडून हक्क मिळत, पण चोरी झाली की माग काढणे त्याच्याच माथी. पावलांचे ठसे शिवेपलीकडे गेले की जबाबदारी पुढच्या गावच्या राखणदारावर. जिथे माग विरला त्या गावाने भरपाई द्यायची. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात ही पद्धत नोंदली आहे. शीव नेमकी कुठे, या प्रश्नाची किंमत आपल्या सीमाभागातल्या वाचकांना वेगळी सांगायला नको!

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि रामोशांचे जुने हक्क सुटत गेले. उमाजी नाईकांचे बंड या असंतोषातून उठले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी झाली. पुढे १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, मग तिजोऱ्याही आल्या. इकडे पूर्वीच्या राखणदारांपैकीच काही जमाती सरकारदप्तरी ‘गुन्हेगार’ ठरल्या. ज्यांच्या भरवशावर गाव झोपत असे, त्यांनाच स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द होईपर्यंत पोलिसांत हजेरी द्यावी लागे.