शरणपूर : गोदाकाठचे एक आश्रयस्थान

वाचकहो, सिंहस्थात स्नानाला म्हणा, रामकुंडावर अस्थी सोडायला म्हणा, तुम्ही नाशिकला गेला असालच. तिथे 'शरणपूर रोड' हे नावही कानांवर पडले असेल. हे शरणपूर कोणाचे, अन् तिथे शरण तरी कोण आले?

गोष्ट १८५४ च्या सुमाराची. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. त्या काळी माणूस ख्रिस्ती झाला की घरदार, जातगोत सारेच तुटे. अशांना हा आसरा होता. वस्तीत शाळा आली, सुतारकाम-लोहारकाम आले. शरणपूरचे सेंट अँड्र्यूज चर्च या वस्तीचीच आठवण सांगते.

पुढे इथे आणखी दूरची लेकरे आली. अरबी समुद्रात गुलामांची गलबते फिरत. इंग्रजी आरमार ती पकडी आणि सुटलेल्या आफ्रिकी मुलांना मुंबईला उतरवी. त्यांतली काही शरणपुरी धाडली गेली. आईबाप कुठे, गाव कोणते, परतायचे कसे? पोरक्या मुलांना इथे छप्पर मिळाले, अक्षर मिळाले, हाताला कसब मिळाले; मात्र नावेही नवी मिळाली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. १८७३ साली प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली ती जेकबने. चुमा, सुसी, जेकब आदी सोबत्यांनी तो देह रानावनांतून सुमारे हजार मैल वाहून समुद्रकाठी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता.

१८७५ मध्ये प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी 'फ्रेअर टाउन' वसविले. नाशिकला शिकलेली माणसे तिथे कामाला लागली. म्हणजे आसरा घेणारेच आसरा देणारे झाले! आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. घरचे नाव गेले, पण आपल्या गोदाकाठचे नाव त्यांना कायमचे चिकटले.

तेव्हा गुरुजी, मुलांची सहल पंचवटी अन् पांडवलेणी पाहायला न्याल, तेव्हा शरणपूरलाही थोडे थांबा. तीर्थाला पुण्य कशाने येते, हे त्या एका नावावरून मुलांना नीट सांगता येईल.